खुंटीवरचा पटर

मनुष्याकडून मनुष्याचा जो अपराध घडतो, त्याचे माप बहुधा गेलेल्या वस्तूवरून घेतले जाते. धान्य गेले, जमीन गेली, प्राण गेला, तर ते सर्वांना दिसते आणि त्याला न्यायाची वाटही असते. परंतु एखाद्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास कोणी काढून घेतला, आणि तोही एका सौम्य, सहानुभूतीच्या वाक्याने, तर काय गेले हे ज्याचे गेले त्यालाही कळत नाही. तो स्वतःलाच दोषी मानून उरलेले आयुष्य काढतो. अशा अपराधाची जाणीव साऱ्या जगात एकट्या अपराध्यालाच असते. आणि ज्याचा अपराध केला तोच मरण पावला, तर ती जाणीव कोणाच्या पायाशी उतरवून ठेवावी, हा प्रश्न उरतो. किर्कहेवनच्या निनियन लॉर्नीपुढे हा प्रश्न एका नोव्हेंबरात उभा राहिला, तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता.

निनियन गोल्फच्या काठ्या घडवी. फाइफच्या किनाऱ्यावरील त्या गावात बंदर, चर्च आणि समुद्राकाठची खेळाची कुरणे एवढाच पसारा. आणि बंदरातून कुरणाकडे जाणाऱ्या गल्लीत लॉर्नींची कर्मशाळा. वडिलांचा शिक्का, वडिलांची कानस आणि वडिलांचे नाव, तिन्ही त्याच्याकडे आली होती, आणि तिन्हींना तो जपत असे.

तेथल्या क्लबात एक जुनी रीत होती. सभासद वारला की त्याचे नाव वर्षभर यादीतून खोडीत नसत. कोणी विचारलेच तर ‘तो अजून मैदानावर आहे’ असे म्हणत, आणि ते म्हणताना कोणी हसत नसे. वर्ष भरले की त्याचा पटर, म्हणजे हिरवळीवरून चेंडू खळग्याकडे हळुवार लोटण्याची काठी, क्लबच्या भिंतीवरील खुंटीला टांगीत. क्लबचा कप्तान यादीतील नावावर रेघ ओढी. आणि तो मनुष्य घरी पोचला असे समजत. दूरचा फटका बळाच्या जोरावर मारता येतो, पण खळग्यापासूनच्या शेवटच्या चार हातांत मनुष्य उघडा पडतो, अशी त्या लोकांची धारणा. म्हणून टांगायचा तो पटरच. आणि तोही असा, की जो हाती असताना तो मनुष्य सर्वाधिक स्वतः होता. कोणता, ते पत्नीने ठरवायचे. तिला संदेह असेल तर तिने काठ्या घडवणाऱ्याला बोलवायचे.

मॅग्नस पिटकेथलीला जाऊन वर्ष होत आले, तेव्हा त्याची पत्नी ग्रिझेल हिने निनियनला निरोप धाडला. मॅग्नसचे चार पटर घरात आहेत, त्यातला खरा कोणता हे तिला कळत नाही, गुरुवारी दुपारी चहाला यावे.

निनियन तीन दिवस नीट जेवला नाही. त्याचे घर सांभाळणारी थोरली बहीण बेथिया हिने ओटच्या पिठात तळलेले हेरिंग मासे त्याच्यापुढे ठेवले आणि तसेच उचलून नेले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “तुझं तोंड बघून बंदरातले खेकडे परत समुद्रात गेले म्हणतात. अरे, एक काठी तर निवडायचीय. नवरा निवडायचा असता तर तिनं तुला विचारलंही नसतं.”

निनियन उठून कर्मशाळेत गेला. उत्तर त्याच्या बाकाच्या सर्वांत खालच्या खणात, मेणकापडात गुंडाळलेले, अकरा वर्षे पडून होते.

अकरा वर्षांपूर्वी मॅग्नस हा त्या किनाऱ्यावरचा सर्वांत अचूक हात समजला जाई. मासेमारीच्या बोटीचा तो तांडेल. उसळत्या भरतीत अरुंद बंदराच्या तोंडातून बोट आत आणताना सुकाणूवरचा त्याचा हात बघायला बायका धक्क्यावर थांबत. हिरवळीवरही तो तसाच. त्याचा पटर लाकडी माथ्याचा, निनियनच्या वडिलांनी घडवलेला. माथ्यावर त्यांचा शिक्का. एका हिवाळ्यात मॅग्नस तो घेऊन कर्मशाळेत आला आणि म्हणाला, हिवाळ्यात हिरवळ जड होते, तेव्हा माथ्याच्या पाठीत थोडे शिसे वाढव. काम अर्ध्या दिवसाचे. परंतु त्या दिवशी निनियनने शिसे वाजवीपेक्षा अधिक तापवले. ओतताच लाकूड करपले, आणि शिक्क्यापासून दांड्याकडच्या टोकापर्यंत माथ्याला चीर गेली.

तेव्हाच त्याने मॅग्नसच्या घरी जाऊन सांगायला हवे होते. त्याऐवजी त्याने दार लावून घेतले. वडिलांची नमुन्याची फळी काढली, त्याच जातीच्या लाकडाचा नवा माथा कोरला, त्याला जुना रंग चढवला, वडिलांचा शिक्का त्यावर ठोकला आणि जुन्या दांड्याला सरसाने जोडून डांबरी दोरा गुंडाळला. त्याचे वडील त्याच्याही आठ वर्षे आधी वारले होते. त्या माथ्यावर शिक्का मारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. काम इतके सुबक झाले की घडवणाऱ्यालाही क्षणभर भूल पडावी. फक्त दांडा माथ्यात शिरतो तो कोन किंचित उभा बसला. धाग्याएवढा. निनियनला तो दिसला होता. आणि मॅग्नस उद्याच येणार म्हणून त्याने तो तसाच राहू दिला.

काठी नेल्यावर चौथ्या दिवशी मॅग्नस परत आला. काठी बाकावर ठेवून तो म्हणाला, हिच्यात काहीतरी बदलले आहे. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. भरवशाच्या मित्राला विचारावे तसे त्याने विचारले होते. निनियनने काठी उचलली, एक डोळा मिटून दांड्यावरून पाहिले, आणि मग ते वाक्य उच्चारले.

“काठी तीच आहे, मॅग्नस. या वयात हात बदलतात आपले. वाईट वाटून घेऊ नकोस.”

मॅग्नसने आपल्या हातांकडे पाहिले. उलटे करून तळवे पाहिले, पुन्हा सुलटे केले, मान डोलावली आणि काठी घेऊन गेला.

त्यानंतरचे सारे गावाने पाहिले. त्याचे चेंडू खळग्याच्या काठावरून निघून जाऊ लागले. शनिवारच्या खेळात त्याचा जुना प्रतिस्पर्धी पीटर कॉर्स्टन त्याला ‘थरथऱ्या’ म्हणू लागला, आणि ते नाव चिकटले. मॅग्नसने एकामागून एक तीन नवे पटर आणले, पितळी, लोखंडी आणि ॲल्युमिनियमचा. पण तोवर शंका काठीतून हातात उतरली होती. शेवटी तो पुन्हा लाकडीकडेच वळला आणि क्लबात यायचा थांबला. घरीच बैठकीच्या गालिच्यावर, आडव्या ठेवलेल्या चहाच्या पेल्याकडे तो रोज दिवेलागणीला वीस फटके मारी. मॅग्नसच्या गल्लीतून जाताना निनियनला ते खिडकीतून दिसे, म्हणून त्याने गल्ली बदलली.

गुरुवारी तो गेला. ग्रिझेल त्याच्याच वयाची, शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर बसणारी. उंच, हाडकुळी, आणि कोणापुढे डोळे न पुसणारी बाई. तिने चहा ओतला, लोणी लावलेला बॅनक, म्हणजे ओटची जाड भाकरी, पुढे केला. जेवणाच्या मेजावर पांढरी चादर घालून तिने चारही पटर ओळीने मांडले होते. जणू ओळख पटवण्यासाठी कोणाला तरी तेथे निजवले होते.

त्या आधी तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती तिने बाजारभाव सांगावा तशा सपाट आवाजात सांगितली. मॅग्नस गेल्यापासून दिवेलागणीला या खोलीत आवाज येतो. आधी तिला वाटले खिडकीचे दार हलते आहे, मग वाटले शेजारचे कोणी आहे. आता ती तेवढा वेळ स्वयंपाकघरात बसते आणि आवाज सरल्यावर दिवा घेऊन आत येते. लाकूड चेंडूला टेकल्याचा आवाज, मग गालिच्यावरून घरंगळण्याचा. वीस वेळा, अधिक नाही, उणे नाही.

“पेल्याचा आवाज मात्र येत नाही,” ती म्हणाली. “जिवंत होता तेव्हाही शेवटी शेवटी येत नसेच. मला वाटतं निनियन, त्याला घरी यायचंय आणि मी काठी निवडीत नाही म्हणून तो अडकलाय. तू निवड. डोळा तुझा आहे.”

निनियनने एकेक काठी हाती घेतली. ग्रिझेलने पेला गालिच्याच्या टोकाला आडवा ठेवला. पितळी पटरने त्याने तीन चेंडू मारले, दोन आत गेले. लोखंडीने एक गेला. ॲल्युमिनियमची काठी त्याला जड वाटली. मग त्याने लाकडी उचलली.

हाताला स्वतःची स्मृती असते. निनियनच्या मनाने काही ठरवण्याआधीच त्याची मनगटे किंचित खाली झुकली. माथ्यातला तो धाग्याएवढा उभेपणा ज्याने घडवला, त्याचे हात तो आपोआप पुसून टाकीत होते. चेंडू सरळ गेला आणि पेल्यात किणकिणला. दुसराही. तिसराही.

ग्रिझेलने पेल्याकडे पाहिले. मग म्हणाली, “तुझ्या हाताला येतो तर.”

त्या चार शब्दांत तिने अकरा वर्षांच्या खटल्याचा निकाल वाचला होता. काठी निर्दोष, हात दोषी. जे वाक्य निनियनने कर्मशाळेत उच्चारले होते, तेच आता त्याने या खोलीत आपल्या हातांनी सिद्ध करून दाखवले होते. त्याने तोंड उघडले. त्याच वेळी बाहेर समुद्रावरचा शेवटचा उजेड मावळला, आणि खोलीत आवाज आला.

लाकूड चेंडूला टेकल्याचा. मग गालिच्यावरून घरंगळण्याचा, मंद, विचारी. मग काहीच नाही.

काठी निनियनच्या हातात होती; तिन्ही चेंडू पेल्यापाशी पडले होते आणि त्यातला एकही हलला नव्हता. ग्रिझेलने मान वळवली नाही. तिचे ओठ अंक मोजीत होते. आवाज निनियनच्या अगदी उजव्या हाताला होता. कोणी जवळ उभे राहून, त्याच्या अंगाला धक्का लागू नये एवढी सभ्यता राखून खेळत असावे तसा. भीतीने त्याने काठी घट्ट धरली. पण त्या भीतीहून अधिक असह्य होती ती त्या आवाजातली चिकाटी. राग नव्हता त्यात. प्रत्येक फटक्याआधी थोडासा विराम होता, स्वतःला सुधारण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचा.

वीस झाले. ग्रिझेलने दिवा लावला. “तर मग लाकडीच,” ती म्हणाली. निनियनने पाहिले की आपण मान डोलावतो आहोत. काठी पुसून, दोरा नवा करून शनिवारपर्यंत देतो, असे पुटपुटून तो ती घेऊन निघाला. दुसऱ्यांदा त्याने तेच केले होते.

सकाळी गवतावर गोठलेल्या दवाचे दाट हिम पडले होते. निनियन उजाडताच बाहेर पडला. घरात बेथियाच्या प्रश्नांना तोंड देण्यापेक्षा थंडी बरी होती. चर्चच्या भिंतीखाली, खेळ जेथे संपतो ती, शेवटची हिरवळ आहे. तिच्यावर पांढरे, अस्पर्श हिम पसरले होते. आणि त्या हिमावर रेषा होत्या.

हिमावरून किंवा दवावरून चेंडू गेला की मागे गडद रेषा राहते, हे तेथले मूलही जाणते. अशा रेषा निनियनने जन्मभर पाहिल्या होत्या. मात्र त्यांच्याजवळ नेहमी माणसाची पावले असत. येथे पावले नव्हती. ना खेळणाऱ्याची, ना चेंडू उचलणाऱ्याची. सुमारे सहा हातांवर जवळजवळच्या जागांवरून निघालेल्या रेषा खळग्याच्या दिशेने जात होत्या आणि त्याच्या डाव्या काठावरून पुढे निघून दोन हातांवर विरत होत्या. त्याने मोजल्या. वीस.

तो गुडघ्यांवर बसला. भयाने बसला खरा, परंतु बसल्यावर त्याच्यातला कारागीर जागा झाला. हात बिघडला, तर रेषा विखुरतात. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक आखूड, एक लांब. या विखुरलेल्या नव्हत्या. वीसही रेषा खळग्याच्या डावीकडून, दोन बोटांच्या एकाच अंतराने गेल्या होत्या. एखाद्या निष्णात लेखनिकाने पट्टीवाचून आखाव्यात इतक्या समान. हा सदोष हाताचा पुरावा नव्हता. धाग्याएवढ्या उभ्या बसलेल्या माथ्याने सहा हातांवर नेमके एवढेच अंतर पडते. त्या काठीने मरेपर्यंत आणि मेल्यानंतरही वीसपैकी वीस वेळा तंतोतंत एकाच जागी चेंडू नेणारा हात, असा हात निनियनने आपल्या आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता.

ऊन वर आले. रेषा आधी पुसट झाल्या, मग हिमाबरोबर निघून गेल्या. साक्षीला कोणी उरले नाही, आणि म्हणूनच आता बोलणे त्याला भाग होते.

तो घरी गेला, घरालगतच्या कर्मशाळेतला बाकाचा सर्वांत खालचा खण उघडला आणि मेणकापडाची पुरचुंडी काढली. बेथिया दारात उभी होती. तिने करपलेला, चिरलेला माथा पाहिला, शिक्का ओळखला, आणि काय झाले असावे ते तिला उमगले. लॉर्नींच्या घरात वाढलेल्या बाईला ते सांगावे लागत नाही. ती एवढेच म्हणाली, “स्कार्फ घे. बाहेर वारा आहे.”

दुपारच्या लख्ख उजेडात निनियन ग्रिझेलच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. ती मासे साफ करीत होती. त्याने मेजाच्या कडेला आधी लाकडी पटर ठेवला, त्याच्याजवळ चिरलेला माथा ठेवला, आणि सांगितले. शिसे किती तापले, चीर कोठून कोठवर गेली, नवा माथा कसा घडला, शिक्का कोणी मारला, कोन किती चुकला. काल तिच्यासमोर आपले चेंडू का आत गेले, तेही सांगितले. हिमावरच्या रेषाही सांगितल्या. कारागिराच्या सवयीने त्याने काहीच मोघम ठेवले नाही.

ग्रिझेलने सुरी खाली ठेवली, हात धुतले, एकेक बोट कोरडे केले.

“त्याला काय म्हणालास ते पुन्हा सांग,” ती म्हणाली. “अर्थ नको. शब्द सांग.”

त्याने शब्द सांगितले.

“‘वाईट वाटून घेऊ नकोस’ असंही म्हणालास?”

“म्हणालो.”

ती खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी राहूनच बोलू लागली. त्या हिवाळ्यानंतर मॅग्नसने बोटीचे सुकाणू तिच्या भावाला दिले. कोणी मागितले नव्हते; स्वतः जाऊन दिले. पाव कापायची सुरी तिच्याकडे सरकवू लागला. आणि मग डंडी शहराहून त्यांची मुलगी आपले पहिले बाळ घेऊन आली.

“तिनं बाळ त्याच्यापुढे धरलं,” ग्रिझेल म्हणाली, “आणि त्यानं हात मागे बांधले. शाळेत छडी चुकवायला आपण बांधायचो ना, तसे. म्हणाला, ग्रिझेल, तू घे, माझा भरवसा नाही. तीन नातवंडं झाली रे आम्हाला. एकालाही उचललं नाही त्यानं. पोरीला वाटलं, बापाला मुलं नकोशी झालीत. अजून वाटतं तिला.”

निनियनला ते ठाऊक नव्हते. आपल्या वाक्याने एका माणसाचा खेळ गेला, एवढेच ओझे तो अकरा वर्षे वाहत होता; ते बोटीच्या सुकाणूपर्यंत आणि तीन पाळण्यांपर्यंत पोचले होते, हे त्याला आज कळले.  त्याने जुना माथा पुढे केला. चीर सरसाने बसवता येईल, वरून दोरा गुंडाळता येईल. खेळण्याजोगा नाही, पण टांगण्याजोगा होईल, असे तो म्हणाला. खरा पटर तोच. शनिवारी तोच टांगावा.

ग्रिझेलने माथा हातात घेतला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग तो परत मेजावर ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “हा जिंकणाऱ्या मॅग्नसचा. त्याला सगळं गाव ओळखत होतं, त्याला खुंटी कशाला? तू दिलेली वाकडी काठी घेऊन जो माणूस रोज उभा राहिला आणि एकदाही तिला दोष न देता स्वतःला सुधारू पाहत राहिला, तो माझ्या घरात होता. तोच सर्वांत जास्त मॅग्नस होता. ती टांगायची. आणि ती तू टांगायचीस. आत्ता मला सांगितलंस ते सगळ्यांना सांगून. शब्दांसकट.”

क्लबची ती खोली पुरुषांची. परंतु शनिवारी दुपारी ग्रिझेल दाराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली, आणि तिला कोणी अडवले नाही. कप्तान डॉक्टर स्क्रिमजर यांनी यादी उघडून ठेवली होती. रीतीप्रमाणे त्यांनी विचारले, मॅग्नस पिटकेथली कोठे आहे. आणि सभासद उत्तरले, अजून मैदानावर आहे. मग निनियन पुढे आला. काठी खुंटीला लावण्यापूर्वी तो भिंतीकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने सांगितले.

 त्या गावात काठ्या घडवणाऱ्याने खोटा शिक्का मारणे म्हणजे धर्मोपदेशकाने खोटा बाप्तिस्मा देण्यासारखे. कोणी शिवी दिली नाही. दोघे सभासद उठून बाहेर गेले, तेच पुरेसे होते. त्यानंतर शेगडीजवळून पीटर कॉर्स्टनचा आवाज आला.

“किती चुकला होता?”

“सहा हातांवर दोन बोटं,” निनियन म्हणाला. “डावीकडे.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

कॉर्स्टनचे ओठ हलू लागले. तो अकरा वर्षांपूर्वीचे फटके मनात पुन्हा मांडीत होता. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते कळले, कारण प्रत्येक जण तेच करीत होता. एकेका हिरवळीवर, एकेका शनिवारी, मॅग्नसचा चेंडू दोन बोटे उजवीकडे सरकत होता आणि खळग्यात पडत होता. हळूहळू ते सारे पराभव फिरले आणि त्या मृत माणसाच्या पायाशी जाऊन बसले.

“मी त्याला थरथऱ्या म्हणायचो,” कॉर्स्टन म्हणाला. “तुम्ही हसायचात. तोही हसायचा.”

डॉक्टरांनी खुंटीकडे पाहिले, उंबऱ्यातल्या ग्रिझेलकडे पाहिले. तिने मान हलवली. निनियनने काठी टांगली. ती किंचित तिरकी राहिली आणि त्याने ती सरळ केली नाही. डॉक्टरांनी दौतीत टाक बुडवला आणि नावावर रेघ ओढली. “घरी पोचला,” ते म्हणाले, आणि सर्वांनी ते हळू आवाजात पुन्हा म्हटले.

बाहेर वाऱ्याने वाळू उडत होती. कॉर्स्टन टोपी हातात घेऊन ग्रिझेलसमोर उभा राहिला, मान झुकवली आणि निघून गेला. निनियन मागे राहिला होता. वडिलांचा शिक्का उद्या समुद्रात टाकतो, कर्मशाळा बंद करतो, असे काहीसे तो बोलू लागला. ग्रिझेलने त्याला मध्येच थांबवले.

“मी तुला माफ केलंय असं समजू नकोस,” ती म्हणाली. “ते व्हायचं तेव्हा होईल, किंवा होणारही नाही. शिक्क्याचं काय करायचं ते बेथियाला विचार, तिला अक्कल आहे. माझं काम वेगळं आहे. पोरीला डंडीला पत्र लिहायचंय. मी लिहिलं तर तिला वाटेल, आई बापाची बाजू घेतेय. तू लिही. उद्या प्रार्थना झाल्यावर ये, शाई माझ्याकडे आहे.”

रविवारी तो गेला. बैठकीच्या खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, त्याने लिहायला घेतले. पहिले तीन कागद फुकट गेले, कारण त्यांत तो स्वतःविषयीच लिहीत होता; ग्रिझेलने ते वाचून शेगडीत घातले आणि म्हणाली, त्याच्याविषयी लिही. चौथ्या कागदावर त्याने त्या मुलीला लिहिले की तुझ्या वडिलांचे हात शेवटपर्यंत उत्तम होते, या किनाऱ्यावर त्यांच्याहून खात्रीचे हात नव्हते, आणि ते तुझ्या मुलांना उचलीत नसत ते केवळ माझ्या एका खोट्या वाक्यामुळे. मुले समजण्याइतकी मोठी झाली की त्यांना हे वाचून दाखव. खाली त्याने आपले पूर्ण नाव लिहिले. ग्रिझेलने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पाकिटावर डंडीचा पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहिला.

ज्या हातांना त्यांचा दोष नसताना दोष मिळाला, त्या हातांना विश्रांती लाभो. ज्या स्त्रीने हरणाऱ्याला ओळखले, तिच्या उरलेल्या संध्याकाळी शांत जावोत. डंडीतल्या त्या तीन मुलांना आपला आजोबा कळो. आणि जो उशिरा का होईना खरे बोलला, त्याच्या जिभेला यापुढे इतका उशीर न होवो.